माळावरचे विद्यापीठ आणि कवठे महांकाळची मुले

कवठे महांकाळहून कोल्हापूरला जाणारा रस्ता सरळ आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्ग तालुक्यातून जातो आणि तोच मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूरच्या वेशीपाशी नेऊन सोडतो. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. एसटीने मिरज गाठायची, तिथून दुसरी गाडी, मग केएमटीने विद्यापीठ. पण घरातले कुणी आजवर पदवीच्या पुढे गेलेले नसेल, तर हा प्रवास ठरवायला अख्खे घर बसते. खोलीचे भाडे, मेसचा महिना, पुस्तके, आणि द्राक्षाच्या छाटणीला एक हात कमी पडणार, हा हिशेब आधी होतो. विषय कोणता घ्यायचा हे नंतर. शिवाजी विद्यापीठाची साठ वर्षांहून जास्त काळाची वाटचाल मला या हिशेबाच्या बाजूने सांगायची आहे. विद्यापीठ ज्यांच्यासाठी निघाले, ती माणसे याच बाजूला बसलेली होती.

सांगली जिल्हा पश्चिमेला कृष्णा-वारणेच्या पाण्यावर हिरवा आणि पूर्वेला कोरडा. कवठे महांकाळ, जत, आटपाडी आणि खानापूरचा माळ हा अवर्षणाचा पट्टा. अग्रणी नदी पावसाळ्यापुरती वाहायची. नागज, ढालगाव, रांजणीकडची धनगर कुटुंबे मेंढरे घेऊन चाऱ्यापाण्याच्या मागे मुलूख पालथा घालायची. रांजणीला शेळी-मेंढी विकासाचे सरकारी प्रक्षेत्र आहे, ते या मुलखाचा तोच जुना धंदा म्हणून. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने वर आले, तेव्हा द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड वाढली. त्याआधीच्या पिढ्यांपुढे वाटा मोजक्याच होत्या. ऊसतोडीला जायचे, मुंबईची गिरणी धरायची, सोन्याचांदीच्या गलाईसाठी परमुलखात उतरायचे, नाहीतर शिकायचे. शिकण्याची वाट सर्वांत लांब होती, कारण तिचे शेवटचे टोक पुण्या-मुंबईत होते.

दक्षिण महाराष्ट्रात महाविद्यालये नव्हती असे नाही. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्येच रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. त्याच वर्षी सांगलीत वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. पण या सगळ्यांची विद्यापीठे दूर होती : आधी मुंबई, आणि १९४९ नंतर पुणे. अभ्यासक्रम तिकडे ठरायचा, प्रश्नपत्रिका तिकडून यायच्या. बी.ए., बी.एस्सी. पर्यंत कसेबसे पोहोचलेल्या मुलाला एम.एस्सी. करायची, संशोधन करायचे, तर पुणे गाठावे लागे. ते ज्याला परवडे तो जाई. बाकीचे मास्तर होत, तलाठी होत, किंवा गावी परतत.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे, शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई पाटणचे. दोघांनाही हा मुलूख आतून माहीत होता. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ करण्याची ई.बी.सी. सवलत त्याच काळातली. तिचे मोल आज कळणार नाही. जातीचा किंवा गुणांचा विचार न करता केवळ घरची गरिबी पाहून कॉलेजचे दार उघडणारा तो निर्णय होता, आणि त्या दारातून आत आलेल्या मुलांसाठी पुढची पायरी बांधणे भागच होते. ती पायरी म्हणजे हे विद्यापीठ.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दिवस साधे नव्हते. उत्तर सीमेवर चीनशी युद्ध पेटलेले होते, आणि त्याच आठवड्यात यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा काळात एक राज्य आपल्या दुष्काळी, डोंगराळ टोकाला विद्यापीठ उभे करत होते. सुरुवातीला संलग्न महाविद्यालये ३४, विद्यार्थी सुमारे १४ हजार आणि आवारातले पदव्युत्तर विभाग फक्त पाच. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे ब्रीद. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा असा मोठा मुलूख त्याच्याकडे आला.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या वाट्याला आला तो सागरमाळाचा उघडा, खडकाळ उंचवटा, ८५३ एकरांचा. झाड नाही, पाणी नाही. आप्पासाहेबांनी दशकभराहून अधिक काळ या माळावर इमारती उभ्या केल्या, झाडे लावली आणि माणसे गोळा केली. संस्था उभारणारे अनेकदा विटांपाशी थांबतात. आप्पासाहेब कागदांपर्यंत गेले. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ विद्यापीठाने प्रसिद्ध केली, ती त्यांच्या संपादनाखाली. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीचे कागदही खंडांच्या रूपाने छापले गेले. त्या कामात समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. विलास संगवे यांचा मोठा वाटा. करवीर दरबाराचे, शेतकऱ्यांचे, वसतिगृहांचे, आरक्षणाच्या हुकमांचे दस्त अभ्यासकाच्या हाती आले. आपल्या मुलखाचा इतिहास आपल्याच विद्यापीठात बसून वाचता येणे ही गोष्ट माझ्या मते पदव्यांच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

त्या माळावर आज तळी आहेत, विहिरी आहेत, दाट झाडी आहे. पडणारा पाऊस अडवून साठवायची रीत विद्यापीठाने इतक्या नेटाने पाळली की आवाराची पाण्याची गरज आवारातच भागते. २०१९ च्या महापुरात शहराचे पाणी उपसा केंद्र बुडाले आणि चहूकडे पाणी असून नळ कोरडे पडले, तेव्हा विद्यापीठाच्या साठ्याने कोल्हापूरकरांना हात दिला. आमच्या पूर्व भागातल्या मुलांनी हे आवार पाहताना इमारतींआधी ही तळी पाहावीत. कवठे महांकाळचा माळ आणि सागरमाळ यांच्यात पावसाचा फरक आहे, हे खरे. पण पडेल ते पाणी धरून ठेवायचे आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या सोडायचे नाही, हे तिथून घरी नेण्यासारखे आहे. अग्रणीच्या पुनरुज्जीवनासाठी आपल्याकडे गावे एकत्र आली, तेव्हा हेच सूत्र होते.

विद्यार्थ्यांच्या जगण्याकडे वळले की सर्वांत आधी ‘कमवा आणि शिका’चे नाव घ्यावे लागते. कल्पना कर्मवीरांची, घाम गाळून शिकण्याची. विद्यापीठाने तिला आवारात घर दिले. डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवन हे तिचे ठिकाण. निवडलेली मुले रोज काही तास कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करतात आणि त्या बदल्यात त्यांच्या राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय होते. पुढे मुलींसाठीही ही योजना आली. पहाटे वाफ्याला पाणी, दुपारी प्रयोगशाळा, रात्री अभ्यासिका असा दिवस काढलेला मुलगा पुढे प्राध्यापक होतो, फौजदार होतो, आणि कुठेही भेटला तरी आधी ‘मी विद्यार्थी भवनचा’ असे सांगतो. त्या सांगण्यात अभिमान असतो, आणि तो रास्त आहे.

या योजनेचे मोल आमच्या तालुक्याला वेगळे सांगावे लागत नाही. तासगाव–कवठे महांकाळचे आमदार आणि राज्याचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील अंजनीचे. घरची ओढग्रस्त परिस्थिती, आणि शिक्षण सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये, कमवा आणि शिका याच मार्गाने. प्राचार्य पी. बी. पाटलांच्या त्या संस्थेतून ते बी.ए. झाले, पुढे कायद्याची पदवी घेतली. पदवीवर छाप शिवाजी विद्यापीठाचीच. राजकारणात त्यांच्याबद्दल मते वेगळी असू शकतील. पण हातात कुदळ आणि बगलेत वही घेऊन शिकलेला मुलगा राज्याच्या मंत्रिमंडळात पोहोचतो, ही वाट कुणीतरी आधी बांधलेली होती. कर्मवीरांनी, शांतिनिकेतनसारख्या संस्थांनी आणि या विद्यापीठाने ती मिळून बांधली.

आवारातला दिवस मुख्य इमारतीसमोरच्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी सुरू होतो. शिल्पकार बी. आर. खेडकरांचा हा पुतळा १९७४ चा. पदवी मिळाली की आईवडिलांना घेऊन तिथे फोटो काढायचा, हा रिवाज आता पक्का झाला आहे. धोतर-फेट्यातला बाप आणि नऊवारीतली आई, मध्ये काळा गाऊन घातलेली मुलगी, असे फोटो पूर्व भागातल्या कित्येक घरांत भिंतीवर लागलेले दिसतात. दीक्षान्त समारंभाच्या वेळी ग्रंथदिंडी निघते, ग्रंथमहोत्सव भरतो. पालखीत पुस्तके ठेवून वाजतगाजत विद्यापीठात शिरायचे, ही वारकऱ्यांच्या मुलखाला शोभणारी गोष्ट आहे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचे ग्रंथालय आणि त्याची अभ्यासिका हे तर खऱ्या अर्थाने मुलांचे दुसरे घर. सेट-नेटवाले, एमपीएससीवाले, पीएच.डी. वाले शेजारी शेजारी बसलेले असतात. वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालयही याच आवारात आहे. वर्ग संपल्यावर तिकडे पाय वळवणारा विद्यार्थी रिकामा परत येत नाही.

आणि युवा महोत्सव. आधी जिल्ह्याचा, मग मध्यवर्ती. लोकनृत्य, पथनाट्य, मूकनाट्य, लघुनाटिका, वक्तृत्व. तालमी कॉलेजच्या आवारात पावसाळा संपता संपता सुरू होतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोरे इथे रंगमंच हलवून सोडतात. आटपाडी-जत-कवठे महांकाळच्या पट्ट्यातले गजीनृत्य बिरोबाच्या जत्रेत ढोल-कैताळाच्या तालावर चालते. तीच पावले विद्यापीठाच्या मंचावर पडतात, तेव्हा त्या पोरांची मान ताठ होते. ज्या गोष्टीला गावंढळ म्हणून शहरात हसले जाईल अशी त्यांना भीती होती, तिलाच इथे गुण मिळतात. मराठी विभागाने आणखी एक काम केले. ‘तणकट’ कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले राजन गवस तिथे शिकवत होते. सीमाभागाची, गडहिंग्लजकडची भाषा लिहिणारा लेखक समोर उभा राहून शिकवतो, तेव्हा वर्गातल्या मुलाला आपली बोली लपवावीशी वाटत नाही.

मुलींचे येणे हा या वाटचालीतला सर्वांत शांतपणे झालेला बदल. आधी नात्यातल्या घरी ठेवून शिकवायचे, नाहीतर नाहीच. आवारात मुलींची वसतिगृहे वाढत गेली तसे पालकांचे मन वळले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. घरात ‘एवढा खर्च मुलीवर कशाला’ हा जो प्रश्न निघतो, त्याला उत्तर द्यायला अशा निर्णयांचा आईला फार उपयोग होतो.

संशोधनाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ‘खेड्यातल्या मुलांचे विद्यापीठ’ म्हटले की संशोधन म्हणजे दुय्यम असा समज लोक करून घेतात. तो खोटा आहे, आणि तो खोडण्यासाठी भौतिकशास्त्र विभागाचे उदाहरण पुरे. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर मायक्रोमीटरहूनही पातळ असा पदार्थाचा थर चढवायचा, हे पातळ फिल्मचे शास्त्र. सौरघट, वायू ओळखणारे सेन्सर, वीज साठवणारे सुपरकपॅसिटर यांना असे थर लागतात. मोठ्या प्रयोगशाळा त्यासाठी निर्वात पोकळी तयार करणारी महागडी यंत्रे वापरतात. इथे तेवढा पैसा नव्हता. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक द्रावणाची पद्धत धरली. काचेच्या चंचुपात्रात क्षारांचे द्रावण, त्यात बुडवलेली काचपट्टी, ठरलेले तापमान, ठरलेली आम्लता, आणि थर हळूहळू पट्टीवर बसतो. प्रा. प्रमोद पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार मारून थर बनवण्याच्या पद्धतीवर काम केले. स्वस्त साधने, पण शिस्त कडक. द्रावणाची तीव्रता किंचित हलली तरी थर बिघडतो. शेतकऱ्याच्या मुलांना ही चिकाटी नवी नव्हती. पुढे या प्रयोगशाळांतून पीएच.डी. झालेली कितीतरी मुले पोस्ट-डॉक्टरेटसाठी दक्षिण कोरियात गेली. सोल किंवा ग्वांगजूच्या प्रयोगशाळेत मराठी कानावर पडते त्यामागे सागरमाळावरची ती चंचुपात्रे आहेत. साधनांची टंचाई होती, तिच्यातून एक शोधपरंपरा तयार झाली. ती आज या विद्यापीठाची जगात ओळख आहे.

वनस्पतिशास्त्रातही मुलूखच प्रयोगशाळा झाला. प्रा. श्रीरंग यादव यांनी सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कड्यांवर फिरून कंदीलपुष्पांचा, म्हणजे सेरोपेजियांचा, आयुष्यभर अभ्यास केला. नव्या जाती नोंदवल्या आणि दुर्मीळ होत चाललेल्या जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. त्याआधी याच विभागात खारवट जमिनीत तग धरणाऱ्या वनस्पतींच्या शरीरक्रियेवर काम झाले होते. कृष्णाकाठी अति पाण्याने क्षारपड झालेली हजारो एकर जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या विषयाची निकड कळेल. म्हैसाळचे पाणी आलेल्या आमच्या भागानेही ते वेळीच पाहून ठेवावे.

मधल्या काळात विद्यापीठाचा मुलूख मात्र आटत गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाकडे गेले, २००४ मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आले. तरीही कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून अडीचशेच्या वर महाविद्यालये आणि लाखोंच्या घरात विद्यार्थी आजही याच विद्यापीठाचे. २०२१ मध्ये नॅकने ३.५२ गुणांसह ‘ए प्लस प्लस’ श्रेणी दिली.

श्रेणीचा आनंद आहेच, पण चिंताही लिहिली पाहिजे. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांमध्ये आणि अनुदानित महाविद्यालयांमध्ये मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारी नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली मुले-मुली चाळिशीला पोहोचली तरी त्यांचा पगार वर्षाला धड मोजता येत नाही. यात आमच्या तालुक्यातलीही आहेत. संशोधक विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलने करावी लागली. ज्या वाटेने आर. आर. पाटलांची पिढी वर गेली, ती वाट मध्येच अरुंद होऊ लागली आहे. विद्यापीठ एकटे हे सोडवू शकणार नाही. जागा भरणे सरकारचे काम आहे आणि ते सरकारने केलेच पाहिजे.

कवठे महांकाळला पद्मभूषण वसंतरावदादा पाटील महाविद्यालय आहे, म्हणून पदवीपर्यंतचे शिक्षण आज दारात आले. विद्यापीठाची छाप असलेली पदवी बाजारपेठेतून चालत जाऊन घेता येते, हे १९६२ मध्ये कुणाला खरे वाटले नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ही मुले आजूबाजूच्या गावांत वनराई बंधारे घालतात, सर्वेक्षणे करतात. अडते ते पदवीनंतर. पदव्युत्तर विज्ञान, चांगली प्रयोगशाळा, वसतिगृह यांसाठी पुन्हा तोच नव्वद किलोमीटरचा हिशेब उभा राहतो. सांगली जिल्ह्यासाठी विद्यापीठाचे उपकेंद्र व्हावे ही मागणी म्हणूनच जुनी आहे. खानापूर की तासगाव तालुक्यातले बस्तवडे, यावर बरीच वर्षे गेली. माझे म्हणणे इतकेच की ते कुठेही झाले तरी पूर्व भागातच असावे, आणि ते गुणपत्रिका दुरुस्तीच्या अर्जाची खिडकी होऊन राहू नये. पाणलोट, द्राक्ष आणि बेदाणा प्रक्रिया, शेळी-मेंढीपालन, जमिनीची क्षारता या विषयांच्या प्रयोगशाळा तिथे पहिल्या दिवसापासून हव्यात. सोबत मुला-मुलींची वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ची योजना हवी.

तोवर तालुक्यातल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यातले कितीतरी जण आज प्राध्यापक, अधिकारी, अभियंते, बागायतदार आहात. आपल्या गावातला एखादा मुलगा, एखादी मुलगी पदव्युत्तर प्रवेशासाठी कोल्हापूरला निघाली असेल, तर तिच्या पहिल्या वर्षाच्या मेसचा भार उचला. आणि विद्यार्थी भवनचा अर्ज कधी निघतो, कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे तिला वेळेत सांगा. पुष्कळ मुलांची संधी केवळ माहिती उशिरा मिळाल्यामुळे जाते.